जनरल रोकाबादो यांची दहावी लढाई

उमापाता गावात दर वर्षी क्रूसाच्या सणाला वरची आळी आणि खालची आळी चौकात जमून एकमेकांना बदडतात. यात वैर नसतं. वैर आम्ही उरलेल्या दिवसांत निभावतो. सणाच्या दिवशी धरणीमायला थोडं रक्त हवं असतं, दोन-चार नाकं फुटली की तिचं भागतं, आणि जी आळी दुसरीला रेटत चौकाबाहेर काढते तिच्या शेतातल्या बटाट्याला त्या वर्षी गारठा शिवत नाही. नियम एकच आहे आणि तो मोडल्याचं कुणाच्या आजोबांनाही आठवत नाही. मुद्दाम हरायचं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मामलेदारांना मी ते चौदा वेळा सांगितलं आणि त्यांच्या डोक्यात एकदाही शिरलं नाही.

मी मामलेदार कचेरीत कारकून आहे. नाव इलारिओ. मार्च महिन्यात राजधानीहून पत्र आलं की प्रजासत्ताकाचे अध्यक्ष जनरल रोकाबादो उमापात्याला येणार आहेत. बारा वर्षांपूर्वी याच गावात त्यांनी तेव्हाच्या आयार्सा सरकारच्या फौजेचा पाडाव करून यादवी संपवली होती, तरी गावकऱ्यांनी ती लढाई जनरलसाहेबांसमोर जशीच्या तशी करून दाखवावी. तारीख दिली होती तीन मे. क्रूसाचा सण.

मामलेदार प्लासिदोसाहेब पत्र वाचून खूश झाले. "बरंच झालं की. त्या दिवशी तुम्ही मारामारी करताच. वरच्या आळीच्या टोप्यांना निळ्या चिंध्या बांधा, ती जनरलसाहेबांची फौज. खालच्यांना लाल, ती आयार्साची. निळे जिंकतील. झालं काम."

"साहेब, कोण जिंकणार ते आधी ठरवता येत नाही."

"का? इतिहासात ठरलेलंच आहे."

"इतिहास धरणीमायला माहीत नाही, साहेब."

त्यांनी पत्राची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "तुझा भाऊ अजून राजधानीच्या किल्ल्यात कैदेत आहे ना?"

होता. माझा थोरला भाऊ निकानोर. आमची पावाची भट्टी आहे. चार वर्षांपूर्वी कुणा कर्नलने बंड केलं, त्याची माणसं मंगळवारी गावातून गेली आणि जाताना भट्टीतला सगळा पाव घेऊन गेली. त्यांच्या मागावर असलेली सरकारी फौज बुधवारी आली. तिला सोमवारचा पाव मिळाला. निकानोरवर आरोप ठेवला, शत्रूला ताजा पाव पुरवल्याचा. शिक्षा आठ वर्षं. आईने अकरा अर्ज केले, सगळे माझ्या हस्ताक्षरात, आणि अकराच्या अकरा परत आले. शेवटच्यावर शेरा होता, "अर्जदाराचं अक्षर फार सुंदर आहे, कारस्थानाचा संशय येतो."

"जनरलसाहेब खूश झाले," मामलेदार म्हणाले, "तर बारावा अर्ज मी स्वतः त्यांच्या हातात देईन. आणि त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत स्वतःला हरताना पाहिलं, तर मग मला काही विचारू नकोस. निकानोरलाही विचारायची सोय राहणार नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. माझी आई मेल्चोरा कणीक मळत होती. तिने ती जरा जास्तच जोरात आपटली. "मला पोरगा पाहिजे. कोण जिंकतो, कोण बोंबलतो, ते तुम्ही बघा."

म्हणून मी बघायला निघालो.

आम्ही वरच्या आळीचे. खालच्या आळीचा म्होरक्या सातुर्निनो. बाप्तिस्म्याच्या दिवशी निकानोरला यानेच हातांवर घेतलं होतं, म्हणजे आमच्या रिवाजाप्रमाणे तो निकानोरचा दुसरा बाप. लामांच्या कळपाला मीठ चाटवत बसला होता.

"काका, या वर्षी तेवढं हरा."

"कशापायी?"

सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, गालातली कोकाची पानं या गालातून त्या गालात सरकवली, आणि त्याचे डोळे भरून आले. "निकानोरसाठी जीव माग. आत्ता काढून देतो."

"जीव नको, काका. हार पाहिजे."

"ते नाही जमायचं."

"जीव देता येतो आणि हरता येत नाही?"

"जीव माझा एकट्याचा आहे बाबा. हार अख्ख्या आळीची असते. दोन वर्षं लागोपाठ तुम्ही जिंकताय. आमचे बटाटे पाहिलेस? पोरं गोट्या म्हणून खेळतात. गेल्या साली मलाच पकडून तुझ्या आईच्या अंगणात बांधलं होतं. रस्सा पाजला. रस्सा चांगला होता, ते सोड. पण यंदा आमची पाळी आहे. आणि मुद्दाम हरलो तर धरणीमायला कळणार नाही होय?"

"तिला कसं कळेल?"

"माझ्या बायकोला कसं कळतं?"

मी त्याच्या बायकोला ओळखतो.

तिथून वरच्या आळीच्या म्होरक्याकडे गेलो. वरच्या आळीचा म्होरक्या म्हणजे माझा क्रिसोस्तोमो मामा, वय एकाहत्तर. यंदाच्या सणाचा खर्च नवसाने त्याने उचलला होता. जानेवारीपासून मक्याची दारू, चिचा, आंबवून नऊ रांजण भरले होते. ज्याची चिचा त्याचं म्होरकेपण.

"मामा, यंदा तुम्ही मागे बसा. म्होरकेपण कुणा तरण्याला द्या."

"चिचा मी गाळली, आणि पुढे दुसरा उभा राहणार?"

"तुम्हाला आमच्या घराच्या पायऱ्या चढताना धाप लागते."

"चौकात कुठे पायऱ्या आहेत?" मामा म्हणाला, आणि हा मुद्दा आपण जिंकला अशा समाधानाने पुढचा रांजण ढवळायला लागला.

एवढ्यात मामलेदारांनी दुसरं काम गळ्यात मारलं. लढाईआधी सज्जातून जनरलसाहेबांची लष्करी कारकीर्द मोठ्याने वाचायची. ती लिहायची मी. राजधानीहून जुन्या राजपत्रांचा गठ्ठा आला. आठवडाभर तो वाचला आणि माझी जेवणावरची वासना गेली.

जनरल रोकाबादो एकूण नऊ लढाया लढले. त्यातल्या आठ ते हरले. हे ऐकायला वाटतं तितकं वाईट नाही, कारण त्यातल्या पाच वेळा लढाई संपेपर्यंत ते जिंकणाऱ्या बाजूला जाऊन पोचले होते. आणि आमच्या देशात रीत अशी की तिकडचा अधिकारी इकडे आला की त्याला एक हुद्दा वर द्यायचा, नाहीतर तो रुसून परत जातो. अशाने रोकाबादो पहिल्या हारीत लेफ्टनंटचे कॅप्टन झाले, दुसरीत मेजर, चौथीत एकाच दिवसात कर्नल झाले, दुपारून तिकडे गेले आणि संध्याकाळी ब्रिगेडियर होऊन परत आले. सातव्या लढाईत ते कुणाच्या बाजूने होते याबद्दल दोन्ही बाजूंच्या राजपत्रांत मतभेद आहेत. दोन्ही म्हणतात, तुमच्या बाजूने.

नववी लढाई उमापात्याची. ती मी डोंगरावरून पाहिली आहे, अख्ख्या गावाने पाहिली आहे, म्हणजे ऐकली आहे, कारण पठारावर धुकं होतं. दोन्ही फौजा तीन तास धुक्यात गोळ्या झाडत होत्या आणि प्रत्येक फौजेला खात्री पटत गेली की आपण हरतोय. शेवटी दोन्ही एकदमच पळाल्या. फक्त एकाच दिशेने. आयार्साची फौज पुढे होती आणि रोकाबादोंची मागे. धुकं उठलं तेव्हा दुरून पाहणाऱ्याला ते पळणं वाटेना, पाठलाग वाटायला लागला. पाठलाग करत ते अकरा दिवसांनी राजधानीत शिरले, आणि तिथल्या लोकांनी त्यांना अध्यक्ष केलं. एवढ्या लांब पळत आलेल्या माणसाला नाही म्हणणं लोकांच्या जिवावर आलं असावं.

यातलं काय वाचायचं? मी लिहिलं, "जनरलसाहेबांनी शत्रूची पाठ एक क्षणही सोडली नाही." हे खरं होतं.

तीन मे उजाडला. जनरलसाहेब खेचरावर बसून आले, कारण त्यांच्या पांढऱ्या घोड्याला आमच्या गावाच्या उंचीवर चक्कर आली होती. बुटके, गोल, उजव्या पायाला वातामुळे फडकी गुंडाळलेली, छातीवर पदकं इतकी की बसताना त्यांचा आधी आवाज व्हायचा आणि मग ते बसायचे. मामलेदारांच्या घराच्या सज्जात त्यांना खुर्ची दिली, पायाखाली उशी दिली, आणि शेजारी कागद घेऊन मला उभं केलं. खाली चाळीस घोडेस्वारांची शिबंदी. मामाने माणुसकी म्हणून त्यांना एक रांजण पाठवला होता.

मी वाचायला लागलो. तिसऱ्या लढाईपर्यंत आलो तेव्हा जनरलसाहेबांनी हात वर केला.

"तिसरीत मी लाल होतो."

"राजपत्रात निळे लिहिलंय, साहेब."

"सकाळी लाल. तू दुपारचं घेतलंस. असू दे, पुढे वाच. आवाज छान आहे तुझा. अक्षरही तुझंच?"

"नाही," मी घाईने म्हणालो.

लढाई सुरू झाली. आमच्याकडे त्यासाठी तुतारी वगैरे नसते, एक जण दुसऱ्याच्या आजीबद्दल काहीतरी बोलतो. दोन्हीकडचे शंभर-शंभर गडी कातड्याच्या टोप्या घालून एकमेकांवर आदळले. निळे आणि लाल. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की आपलं काही खरं नाही. खालच्या आळीला दोन वर्षांचे गोट्यांएवढे बटाटे आठवत होते. ते भिंतीसारखे पुढे येत होते आणि सातुर्निनो मधोमध उभा राहून नुसता खांद्याने ढकलत होता. मामा पहिल्या रांगेत होता, मग दुसऱ्या, मग मी त्याला हौदाच्या कठड्यावर बसलेला पाहिलं.

"तो म्हातारा कोण?" जनरलसाहेबांनी विचारलं.

"ते आपण आहात, साहेब."

"मी?"

"निळ्यांचा म्होरक्या. म्हणजे आपण."

त्यांनी हौदाकडे बोट दाखवलं. "मी का बसलोय?"

"दम लागलाय आपल्याला."

"मला तेव्हा दम लागला नव्हता."

"तेव्हा धावायला अख्खं पठार होतं, साहेब," मी म्हणालो. मागे उभ्या मामलेदारांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मला निकानोरची आठवण झाली. लहानपणी तो असाच काढायचा. खाली आमची आळी मागे मागे सरकत होती. मला दिसत होतं ते असं, की अजून पंधरा पावलं, निळे चौकाबाहेर, आणि माझा भाऊ आणखी चार वर्षं आत, तेही जर त्यानंतर कुणाला त्याची आठवण राहिली तर. चौकाच्या कडेला आई उभी होती. ती लढाईकडे बघतच नव्हती. सज्जाकडे बघत होती.

जनरलसाहेब खुर्चीतून पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. धान्याच्या बाजारात भाव पडताना अडत्याचा होतो तसा चेहरा होता.

"निळे हरतायत," ते म्हणाले.

"अजून वेळ आहे, साहेब," मामलेदार म्हणाले. त्यांच्या आवाजाला घाम आला होता.

"वेळ असतानाच निघायचं असतं, प्लासिदो. तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो. हरणाऱ्या बाजूला रेंगाळायचं नाही." ते उठले, माझा खांदा धरला, आणि पाय ओढत जिना उतरायला लागले. "त्या लाल लोकांकडे कुणी धड अधिकारी दिसत नाही. नुसते ढकलतायत. चल."

खाली शिबंदीचा कप्तान धावत आला. जनरलसाहेबांनी त्याला जागच्या जागी थांबवलं. "कुणी मध्ये पडायचं नाही. ही लढाई आहे." कप्तानाने सलाम ठोकला आणि उरलेल्या चिचेकडे परत गेला. लेखी नसला तरी तो हुकूम होता.

जनरलसाहेबांनी वाटेत पडलेली एक लाल चिंधी उचलून टोपीला खोचली आणि लालांच्या मागच्या रांगेत शिरले. मी त्यांच्या मागे. नाइलाज होता, माझा खांदा त्यांच्या हातात होता.

"थांबा," ते ओरडले, आणि जन्मभर हुकूम ऐकलेली माणसं थांबतात तशी खालची आळी थांबली.

सातुर्निनोने मागे वळून पाहिलं. "हे कोण आजोबा?"

"काका, हे अध्यक्ष आहेत."

"कशाचे?"

"प्रजासत्ताकाचे."

"मग त्यांना सांग, बाजूला बसा. आम्ही जिंकतोय."

"जिंकताय, पण गलथानपणे," जनरलसाहेब म्हणाले. "फळी मोडा. तीन रांगा करा. पहिली खाली बसेल. डावी बाजू वळून हौदामागून जाईल आणि शत्रूला पाठीमागून गाठेल."

"आजोबा, आम्ही फक्त ढकलतो."

"आता ढकलणार नाही. आता डावपेच."

सातुर्निनो हटवादी आहे, पण त्याच्या आळीतली तरणी पोरं नाहीत. खऱ्या जनरलने खरा हुकूम दिलाय म्हटल्यावर ती हरखली. पहिली रांग खाली बसली. दुसरी रांग पहिलीला अडखळून तिच्यावर पडली. डावी बाजू वळली, म्हणजे तिने आमच्या आळीकडे पाठ केली, आणि उमापात्याच्या चौकात आमच्या आळीला खालच्या आळीची पाठ शंभर वर्षांत कधी दिसली नव्हती. आमचे लोक क्षणभर नुसते बघत राहिले. मग त्यांनी ती ढकलली.

दहा मिनिटांत खालची आळी चौकाबाहेर होती. जनरलसाहेब माघारीचा हुकूम देत होते, तो मात्र सगळ्यांनी बिनचूक पाळला, त्यामुळे ते एकटेच उरले. तेवढ्यात हौदावरून उठून मामा विजयाकडे निघाला होता, वाटेत त्याला परत दम लागला, आणि समोर जे बसण्याजोगं दिसलं त्यावर तो बसला. ते जनरलसाहेब होते.

"पकडला," मामा म्हणाला. म्हणायचा हक्क त्याचाच होता.

मी सज्जाकडे पाहिलं. मामलेदार कठड्याला धरून उभे होते आणि बारावा अर्ज हळूहळू फाडत होते.

आमच्याकडे म्होरके दर वर्षीच पकडले जातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. गोफणीच्या दोरीने हात बांधायचे, आमच्या अंगणात आणून बसवायचं, जेवू घालायचं. मग समोरच्या आळीने त्यांच्या हाती सापडलेला आमचा माणूस परत द्यायचा आणि आपला न्यायचा. कुणी सापडलेलं नसेल तर नुसती गळाभेट. जनरलसाहेबांना आमच्या अंगणात उन्हाला बसवलं. दुखऱ्या पायाखाली आईने मेंढीचं कातडं ठेवलं, आणि वाळवलेल्या बटाट्याचा रस्सा स्वतः चमच्याने भरवायला लागली, कारण हात बांधलेले होते.

"मीठ?" तिने विचारलं.

"थोडं."

मी सातुर्निनोला बोलावून आणलं, अदलाबदलीला. तो दारातच उभा राहिला, जनरलसाहेबांकडे बघायलाही तयार नव्हता. "आमच्याकडे तुमचा कुणी नाही. या माणसाला फुकटच न्यायचंय. न्यायचा की नाही तेही विचारायला पाहिजे आळीला."

"आहे की," आई म्हणाली.

"कोण?"

"निकानोर. लाल चिंधी लावून लढला ना हा? मग तुमचा झाला. आणि याच्या किल्ल्यात माझा पोरगा आहे. म्हणजे तुमच्याकडे आहे." तिने चमचा खाली ठेवला. "माझा द्या, तुमचा न्या."

हा विचार मला सुचायला हवा होता. मी सहा इयत्ता शिकलोय.

तेवढ्यात मामलेदार आणि शिबंदीचा कप्तान आत घुसले. मामलेदारांच्या मागे चार शिपाई होते, त्यातले दोन सरळ उभे होते. "साहेब, आत्ता सोडवतो. सगळ्यांना बेड्या घालतो. आधी या कारकुनाला."

"मागे व्हा," जनरलसाहेब म्हणाले. "मी शब्द देऊन बसलोय. पकडलेला अधिकारी पळत नसतो, प्लासिदो. पळायचं ते पकडण्याआधी." मग आईकडे वळून त्यांनी मान झुकवली. हात मोकळे असते तर टोपीही काढली असती. "बाई, एवढ्या मोठ्या देशात युद्धाची रीत जाणणारं कुणी भेटलं नव्हतं. कैद्यांची अदलाबदल. बरोबर. तुमच्या मुलाचा हुद्दा काय?"

"पाव भाजतो."

त्यांची मान ताठ झाली. "पाववाला?"

"हो."

"माझ्या बदल्यात एक पाववाला."

मी म्हणालो, "साहेब, पाव फार चांगला भाजतो."

"प्रश्न पावाचा नाही. युद्धसंहितेत दर ठरलेला आहे. शिपायाला शिपाई. कॅप्टनला सहा. कर्नलला पंधरा. जनरलला साठ. हे कलम मी स्वतः घालून घेतलंय. पाचव्या लढाईत मला पकडलं होतं तेव्हा माझ्या बदल्यात फक्त पंधरा दिले, तेही आजारी, तेव्हापासून. उद्या राजधानीत म्हणतील, रोकाबादो एका पाववाल्याला गेला. नाही. मी साठाच्या खाली जाणार नाही."

"मला साठ नकोत," आई म्हणाली. "एक द्या."

"साठ."

"मी साठांना ठेवू कुठे? एक पुरे."

"बाई, हा माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"आणि हा माझ्या अंगणाचा आहे."

"आई," मी दात खाऊन म्हणालो, "ते साठ देतायत तर घे ना. साठांत निकानोर असेलच."

"असेल?" ती माझ्याकडे वळली. चार वर्षांत तिने मला इतकं रोखून पाहिलं नव्हतं. "अकरा वेळा 'होईल, असेल' ऐकलं. कागद आण. पहिलं नाव निकानोरचं लिही. खाली कुणाला घालायचं ते हा ठरवू दे."

मी कागद आणला. पहिलं नाव लिहिलं. पुढे जनरलसाहेबांनी सांगितलं, "आणि इतर एकोणसाठ." मामाने दोरी सोडली, त्यांनी बोटं चोळली आणि सही केली. सहीला लागणारा वेळ पाहता हुद्दे सगळे लिहिले असावेत. मग कागद वाचून म्हणाले, "अक्षर सुंदर आहे," आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले.

ते सुखरूप गेले. जाताना मामलेदारांना त्यांनी सांगितलं की कारकिर्दीत ही दहावी लढाई घाला, आणि निकालाच्या जागी 'सन्मानपूर्वक अदलाबदल' लिहा.

रिवाजाप्रमाणे कैदी आणायला हरलेल्या आळीच्या म्होरक्याने जायचं असतं. म्हणजे सातुर्निनोने. राजधानी पायी अकरा दिवस. तो पाठीवर फराळाचं गाठोडं बांधताना सलग बोलत होता. "तीन वर्षं लागोपाठ. आम्ही जिंकत होतो, इलारिओ. तू होतास, तू पाहिलंस. चांगले ढकलत होतो."

"हो काका."

"डावपेच म्हणे." आणि तो निघाला.

मेचा महिना संपला. जूनमध्ये थंडी पडली. आई रोज पाव भाजायची आणि रोज एक जास्त भाजायची, आणि संध्याकाळी तो मला खायला लावायची. मी जाड झालो.

जूनच्या शेवटच्या रविवारी दुपारी खिंडीतून माणसांची रांग उतरताना दिसली. सातुर्निनो पुढे नव्हता. रांग आमच्या दारापर्यंत आली. एकोणसाठ माणसं, म्हणजे मी मोजली आणि एकोणसाठच निघाली. पहिल्याने कागद पुढे केला. किल्लेदाराची टीप होती. किल्ल्यात कैदी बावन्नच होते, अध्यक्षांच्या हुकुमात तूट नको म्हणून आठ पहारेकरी घालून संख्या पुरी केली आहे, पोच द्यावी.

"आम्हाला कुणी काही सांगितलं नाही," एक पहारेकरी म्हणाला. "चालायला सांगितलं. आम्ही परत कधी जायचं?"

"कैद्यांना विचार," मी म्हणालो.

आईने अंगणात मोठा हंडा चढवला होता. कुणाला काही न विचारता तिने रांग लावून घेतली आणि एकेकाच्या वाडग्यात रस्सा ओतायला लागली. तिचं तोंड चालूच होतं. एकच मागितला होता. एकच. साठांना वाडगे कुठून आणू? हा वाडगा शेजारच्यांचा आहे, फोडलास तर बघ.

सगळ्यात शेवटी सातुर्निनो आला. त्याच्या खांद्यावर एका माणसाचा हात होता. माणूस हाडकुळा, दाढी छातीपर्यंत, एक पाय नीट टेकत नव्हता. सातुर्निनोने त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसला. दाढीवाल्याने भट्टीच्या धुराड्याकडे पाहिलं, धुराचा रंग पाहिला, आणि नाराजीने नाक वर केलं. असं नाक गावात एकच माणूस वर करतो.

"आई," मी म्हणालो, "तो निकानोर आहे."

आईने वर पाहिलं नाही. एका हाताने ती डावाने रस्सा वाढत होती, दुसऱ्या हाताने तिने रोजचा तो जास्तीचा पाव हंड्याआड सरकवून ठेवला.

"मला काय दिसत नाही?" ती म्हणाली. "येईल त्याचा नंबर. त्याच्या पुढे एकोणसाठ आहेत."